रंगपटाचे दार



गाणे ऐकून त्यावर चार ओळी लिहिणाऱ्या माणसाची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी आपण आज यंत्राजवळ बसला असाल, असे मी समजत नाही. तरीही मी घेतलेला विषय वरवर पाहता त्याच माणसाच्या गाऱ्हाण्याचा आहे. संगीताच्या जलशांत वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींस कलावंतांपाशी जाऊ द्यावे की नाही, आणि द्यावयाचे तर कोणत्या अटींवर, हा तो विषय होय. मैफलीस स्वतः गेलेला श्रोता आपल्या कानांवर विसंबू शकतो. पण जो गेला नाही, त्याला दुसऱ्या दिवशीच्या वर्णनावाचून गत्यंतर नसते. ते वर्णन कोणी, कोठे बसून व कोणाच्या अनुज्ञेने लिहिले, हे कळून घेण्याचा त्याला हक्क आहे, एवढ्याच आधारावर मी हे बोलण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम माझा अधिकार सांगतो, म्हणजे तो किती तोकडा आहे हे आपल्या ध्यानी येईल. मी मिरजेचा. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, शिक्षकाची पदविका घेतली आणि उभा जन्म प्राथमिक शाळेतील मुलांस शिकवून निवृत्त झालो. संगीताचे शिक्षण म्हणावे असे माझे काही झालेले नाही. परंतु तंतुवाद्ये करणाऱ्या कारागिरांच्या गल्लीच्या तोंडाशी ज्याचे घर, त्याच्या कानावर सकाळ-संध्याकाळ तंबोऱ्याची जवारी पडत असते, आणि कान तयार होण्यास एवढेही कधीकधी पुरते. पंचविशी-तिशीच्या सुमारास मी एका साप्ताहिकास मैफलींची वृत्ते पाठवू लागलो व आजतागायत पाठवितो. मोबदला म्हणाल तर अंकाची एक प्रत, तीही पोस्टाने.

गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या शहरातील संगीतमहोत्सवास मी संपादकांचे पत्र घेऊन गेलो. शहराचे व महोत्सवाचे नाव सांगण्याचे कारण नाही. प्रवेशद्वारावर एका तरुण मुलीने अत्यंत नम्रपणे माझ्या गळ्यात एक बिल्ला अडकविला आणि स्वाक्षरीसाठी एक कागद पुढे केला. त्यावरील कलमे अशी होती: प्रतिनिधींनी नेमून दिलेल्या रांगेतच बसावे, छायाचित्रे पहिल्या दहा मिनिटांतच घ्यावीत, रंगपटाकडे जाऊ नये, कलावंतांस काही विचारावयाचे असल्यास प्रश्न दोन दिवस आधी प्रसिद्धि-व्यवस्थापकांकडे लेखी धाडावेत, आणि लिहिलेला मजकूर छापण्यापूर्वी त्यांना दाखवावा. पहिली चार कलमे वाचून मी खिशातील लेखणी बाहेर काढली होती. पाचवे वाचले आणि ती पुन्हा आत ठेवली. बिल्ला परत केला, तिकिटाच्या खिडकीशी जाऊन तिकीट काढले व अगदी मागे बसून गाणे ऐकले. गाणे फार चांगले झाले. त्या मुलीचा काही दोष नव्हता. तिच्या हाती कागद दिला होता, तो तिने पुढे केला.

कोणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडले? गाणे तर ऐकावयास मिळाले ना? मग रंगपटात शिरून तुम्हांला काय करावयाचे होते? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी मला १९८६ सालापर्यंत मागे जावे लागेल.

त्या साली आमच्या भागात एका वयस्क गायिकेचे गाणे ठरले होते. संध्याकाळी आयोजकांचा माणूस धावत आमच्या गल्लीत आला. प्रवासात तंबोऱ्याची जवारी बिघडली होती व बाई कोणाही परक्याच्या हाताला तंबोरा लावू देत नव्हत्या. आमचे शेजारी चाचा कानस, सूत व इतर हत्यारे घेऊन निघाले आणि दुसरा तंबोरा सोबत असावा म्हणून तो त्यांनी माझ्या हाती दिला. असा मी आयुष्यात प्रथम रंगपटात गेलो तो वार्ताहर म्हणून नव्हे, तर तंबोरा वाहणारा म्हणून. चाचांनी घोडीवरून हलक्या हाताने कानस फिरविली, तारेखालचे सूत केसभर सरकविले आणि तंबोरा बोलू लागला. तेव्हा बाई म्हणाल्या, “आता काळी चारवरून पांढरी पाचला उतरवा.” तबलजीने चमकून पाहिले. बाईंचा स्वर काळी चार, हे आम्हां सर्वांस ठाऊक होते. मी धीर करून कारण विचारले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, चाचांकडे पाहिले, आणि मी त्यांच्याबरोबर आलो आहे हे पाहून सांगितले की तीन दिवस अंगात ताप आहे. मी कोण, हे चाचांनी तेव्हा सांगितले. बाई हसल्या व म्हणाल्या, “मास्तर, स्वर उतरविला हे लिहा. तापाचे लिहू नका. लोकांनी तिकीट माझ्या तापासाठी काढलेले नाही.”

त्या रात्री बाईंनी मालकंस गायिला. तार षड्जाच्या वर त्या क्वचितच गेल्या. मंद्र आणि मध्य सप्तकांतच त्यांनी असा काही विस्तार मांडला की पाऊण तास कसा गेला ते कळले नाही. मी रंगपटात गेलो नसतो, तर माझ्या वृत्तात “वयोमानानुसार बाईंचा आवाज आता वर चढत नाही” हे वाक्य पडले असते, याविषयी मला शंका नाही. तशी वाक्ये मी त्या वयात सहज लिहीत असे. तापाचा उल्लेख मी केला नाही. तो आज, त्यांचे नाव न घेता, प्रथमच करीत आहे.

आता याच्या उलट घडलेली गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो. २०११ साली एका गावी उघड्या मांडवात एका नामांकित गायकांचे गाणे होते. तोवर बिल्ल्यांचे व कठड्यांचे युग आमच्याकडेही सुरू झाले होते. मध्यंतरानंतर गायक बसले, एक ख्याल जेमतेम पुरा केला, घड्याळाकडे पाहिले, दोन मिनिटे भैरवी गाइली आणि उठले. श्रोते खवळले. मी रंगपटाकडे गेलो, स्वयंसेवकांनी अडविले. “पाहुणे कोणाला भेटत नाहीत,” असे उत्तर मिळाले. मी घरी येऊन लिहिले की मोठ्या शहरांत तीन तास गाणाऱ्या या कलावंतांस लहान गावचे श्रोते पन्नास मिनिटांच्याच योग्यतेचे वाटले. वाक्य झणझणीत होते. संपादकांनी ते ठळक अक्षरांत छापले.

दोन महिन्यांनी त्यांचे तबलजी दुसऱ्या एका कार्यक्रमानिमित्त मिरजेस आले आणि वाद्य दुरुस्त करून घेताना चाचांच्या ओसरीवर त्यांची माझी गाठ पडली. खरी हकीकत अशी होती. देणगीदारांच्या सत्कारात आयोजकांनी सव्वा तास घालविला होता. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. वर्षातील काही ठरावीक दिवशी शासन ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते, परंतु आयोजकांनी तशी अनुज्ञा मागितलेलीच नव्हती. गायकांस आत सांगण्यात आले की दहाच्या ठोक्याला थांबलेच पाहिजे. त्यांनी विनाध्वनिवर्धक गाण्याची तयारी दाखविली, तीही मानली गेली नाही. म्हणजे ज्या दारावर मला अडविले, ते दार कलावंतांच्या विश्रांतीसाठी बंद नव्हते. आत जाऊन मी एक प्रश्न विचारला असता, तर सत्काराची लांबण गावभर झाली असती. तिच्यासाठी ते बंद होते. मी पुढच्या अंकात चूक कबूल केली. गायकांस पत्र लिहिले. उत्तर आले नाही, आणि यावे अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकारही नव्हता.

या दोन प्रसंगांवरून रंगपटाचे दार वार्ताहरास सदासर्वदा उघडे असावे, असे मी म्हणेन अशी आपली कल्पना होईल. तसे माझे मत नाही. गाण्यापूर्वीचा तास कलावंताचा एकट्याचा आहे. किशोरी आमोणकर मैफलीपूर्वी एकांत पाळीत व त्यावरून त्यांना लहरी ठरविण्यात आले, हे सर्वश्रुत आहे. ज्यांनी ठरविले त्यांनी रागात शिरणे म्हणजे काय असते, याचा विचार केलेला नव्हता. अन्नपूर्णादेवींनी तर १९५० नंतरच्या दशकातच जाहीर वादन सोडले आणि २०१८ साली देहावसान होईपर्यंत मुंबईच्या आपल्या घरात शिष्यांस शिकविण्यापलीकडे जगाशी फारसा संबंध ठेवला नाही. त्यांच्या दारावर थाप मारण्याचा अधिकार कोणाही वार्ताहरास नव्हता. स्वतः कलावंताने लावून घेतलेली कडी मला मान्य आहे. माझी तक्रार आहे ती दुसऱ्याने बाहेरून घातलेल्या कुलपाविषयी.

कलावंतांस भीती वाटण्यासारख्या गोष्टी घडलेल्या आहेत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९६६ च्या मार्च महिन्यात लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ पत्रात मॉरीन क्लीव्ह या लेखिकेने बीटल्स मंडळीतील जॉन लेनन यांच्या घरी जाऊन घेतलेली मुलाखत छापून आली. बोलता बोलता लेनन म्हणून गेले होते की आम्ही आज येशूपेक्षाही अधिक लोकप्रिय आहोत. इंग्लंडात त्यावर कोणी फारसे काही बोलले नाही. चार-पाच महिन्यांनी ‘डेटबुक’ नावाच्या एका अमेरिकन मासिकाने ते वाक्य मागच्यापुढच्या संदर्भावेगळे करून छापले आणि दक्षिणेकडील प्रांतांत ध्वनिमुद्रिकांच्या होळ्या पेटल्या. शिकागो येथे लेनन यांना वृत्तपत्रकारांपुढे खुलासा करावा लागला. त्याच ऑगस्टच्या २९ तारखेस सान फ्रान्सिस्को येथे त्या मंडळीने आपला शेवटचा तिकिटाचा जलसा केला. त्यांनी दौरे थांबविण्यास अन्य कारणेही होती. तरी या प्रकरणाचा शीण त्यांत नव्हता असे कोण म्हणेल? पण यात घरात घेतलेल्या पाहुणीचा दोष कोणता? तिचा लेख समंजस होता. दोष कात्री चालविणाऱ्याचा होता, आणि त्या कात्रीला कोणताही बिल्ला अडवू शकत नाही.

पाश्चात्य देशांत हे कठड्यांचे शास्त्र आपल्या फार पुढे गेले आहे. माझा पुतण्या छायाचित्रकार आहे, त्याच्यामुळे मला याची काही माहिती झाली. तिकडील मोठ्या जलशांत छायाचित्रकारांस व्यासपीठ व कठडा यांमधील अरुंद पट्टीत पहिली तीन गाणी होईपर्यंत उभे राहू देतात. झगझगीत दिवा लावावयाचा नाही, आणि तिसरे गाणे संपताच बाहेर. हा नियम मला वाजवी वाटतो. श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे यंत्रे नाचत राहू नयेत आणि गाणाऱ्याच्या डोळ्यांवर दिव्याचा मारा होऊ नये, एवढाच त्याचा हेतू आहे. परंतु नियमापाठोपाठ करार आले. २०१५ साली वॉशिंग्टनच्या ‘सिटी पेपर’ या पत्राने ‘फू फायटर्स’ या वादकमंडळीच्या करारावर स्वाक्षरी करण्याचे नाकारले, कारण त्यात छायाचित्रे आधी मंडळीस दाखवावीत, ती एकदाच छापावीत व पुढे त्यांचा स्वामित्वहक्क मंडळीस द्यावा, अशा अटी होत्या. पत्राने जाहीर केले की आम्ही श्रोत्यांनीच काढलेली छायाचित्रे विकत घेऊन छापू. त्याच जुलै महिन्यात कॅनडातील क्वेबेक शहराच्या ‘ल सोलेय’ या पत्राने तर याच मंडळीच्या जलशास छायाचित्रकाराऐवजी एक चित्रकार पाठविला आणि त्याने हाताने काढलेली रेखाचित्रे छापली. मला ही युक्ती फार आवडली. पेन्सिलीवर स्वामित्व सांगणारा करार अद्याप कोणी लिहिलेला नाही.

त्याच सालची आणखी एक गोष्ट. जून महिन्यात टेलर स्विफ्ट या गायिकेने ॲपल कंपनीस उघड पत्र लिहिले की ग्राहकांस तीन महिने गाणी फुकट ऐकविण्याच्या काळात कलावंतांस मोबदला न देणे अन्यायाचे आहे. पत्र रास्त होते आणि त्या बलाढ्य कंपनीने दिवस उलटण्याच्या आत माघार घेतली. तेव्हा एका इंग्रज छायाचित्रकाराने तिला तसेच उघड पत्र लिहून विचारले की बाई, तुमच्या जलशांत आमच्याकडून ज्या करारावर सह्या घेतल्या जातात, तो तरी न्यायाचा आहे काय? त्या महिन्याच्या अखेरीस डब्लिन येथील तिच्या जलशाची छायाचित्रे ‘आयरिश टाइम्स’ने करार अमान्य असल्यामुळे छापली नाहीत. जुलैत तिच्या बाजूने छायाचित्रकारांच्या संस्थेशी बोलणी होऊन करार सौम्य करण्यात आला. यावरून एवढे दिसते की विचारले तर कलावंत ऐकतात. पुष्कळदा त्यांच्या नावाने काय लिहिले जाते, ते त्यांच्या कानावर गेलेलेच नसते.

कायद्याचे म्हणाल तर जलसा करणाऱ्याचे पारडे जड आहे. येथे उदाहरण संगीताचे नव्हे, नाटकाचे देतो. १९१५ साली न्यूयॉर्कच्या शूबर्ट बंधूंनी, एका प्रहसनावरील प्रतिकूल परीक्षणाने रागावून, ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक अलेक्झांडर वूलकॉट यांस आपल्या नाट्यगृहांत येण्यास बंदी केली. तिकीट विकत घेऊन आलेल्या वूलकॉटना दारातून परत पाठविले. पत्राने न्यायालयात दाद मागितली व शूबर्टांच्या जाहिराती घेणेही बंद केले. १९१६ साली वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की वंश, धर्म वा वर्ण यांवरून प्रवेश नाकारण्यास कायद्याची मनाई आहे, समीक्षक नकोसा वाटतो म्हणून नाकारण्यास नाही. शूबर्ट जिंकले, पण जाहिरातींवाचून त्यांचेही अडले, आणि पुढे बंदी त्यांनीच उठविली. तात्पर्य, भांडण न्यायालयात हरूनही पत्र टिकले, कारण त्याने मजकूर व जाहिरात यांची गाठ पडू दिली नाही. आजची पत्रे अशी गाठ न पाडण्याइतकी समर्थ आहेत काय, याचे उत्तर मी देऊ इच्छीत नाही. ज्या महोत्सवाची पानभर जाहिरात, त्याचेच पानभर कौतुक, हे आपणही वाचीत असाल.

आणि आमच्या बाजूचा दोषही झाकून चालणार नाही. एकदा एका वादकांनी मला रंगपटात शेजारी बसवून चहा पाजला, माझ्या मुलांची नावे विचारली, माझ्या जुन्या एका लेखातील वाक्य बोलून दाखविले. वादन सुमार झाले. मी “चिरस्मरणीय” असे लिहिले. एका कपभर चहावर मी माझा कान गहाण टाकला, आणि तो कागदावर सही करून मागणाऱ्या व्यवस्थापकापेक्षा मी काही थोर ठरलो नाही. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: भेटावयाचे ते गाणे झाल्यावर, आणि चहा आपल्या पैशाने.

हल्ली असेही म्हणतात की कलावंत आता स्वतःच आपल्या हातातील मोबाइलवरून जगाशी बोलू शकतात. मग मध्ये वार्ताहर हवा कशाला? बोलोत, अवश्य बोलोत. पण स्वतःविषयी बोलणारा माणूस स्वतःला अडचणीचा प्रश्न विचारीत नाही. मागील पिढ्यांतील गायकांविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, ते त्यांच्याजवळ बसून विचारणाऱ्या लोकांमुळे. प्रा. बा. र. देवधरांच्या मुंबईच्या गायनशाळेत बडे गुलाम अली खाँ यांच्यासारखे गायक येऊन बसत. देवधर ऐकत, विचारीत व टिपून ठेवीत. त्यातून ‘थोर संगीतकार’ हा ग्रंथ झाला. त्यात कोणाला मजकूर आधी दाखवून संमती घ्यावी लागली असती, तर किती प्रकरणे उरली असती! केशवराव भोळे संगीतावर ‘एकलव्य’ या टोपणनावाने लिहीत. गुरूने दारातून परत पाठविलेल्या शिष्याचे नाव त्यांनी का घेतले असावे, याचा मी कधीकधी विचार करतो.

आमच्या मिरजेस एक जागा अशी आहे की तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी संगीतसभा होते. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर त्याच आवारात आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ गावोगावचे कलावंत येऊन बिदागी न घेता गातात-वाजवितात. रंगपट नाही. गाणारा श्रोत्यांतूनच उठून पुढे जातो व गाणे संपल्यावर श्रोत्यांतच येऊन बसतो. त्याच्या शेजारी जागा असली तर आपण बसावे आणि विचारावयाचे ते विचारावे. मी तेथे अनेकांशी बोललो आहे. कोणी उत्तर दिले, कोणी हात जोडून नको म्हटले. जो नको म्हणाला, तो स्वतः म्हणाला. प्रत्येक महोत्सव दर्ग्यासारखा व्हावा, असे मी म्हणत नाही. हजारोंच्या गर्दीत ते शक्य नाही. परंतु गाणे झाल्यावर अर्ध्या घटकेसाठी दार उघडावे, भेटावयाचे की नाही हे कलावंतास विचारूनच सांगावे, आणि लिहिलेला मजकूर कोणी आधी पाहू मागू नये, एवढे कोणत्याही मांडवात जमण्यासारखे आहे.

त्या महोत्सवाच्या कार्यालयाकडून यंदाच्या हिवाळ्यासाठी संपादकांकडे तोच छापील कागद पुन्हा आला. त्यांनी तो माझ्याकडे धाडला. पहिल्या चार कलमांस मी मान्यता दिली, रंगपटाच्या कलमापुढे “कलावंतांची इच्छा असल्यास भेट व्हावी” अशी विनंती लिहिली, पाचवे कलम शाळेतल्या सवयीप्रमाणे तांबड्या शाईने खोडले, खाली सही केली आणि कागद परत पाठविला. त्याला तीन आठवडे झाले. अद्याप उत्तर आलेले नाही.